सोवळ्यातली गाडी

काकांच्या घरी पहिल्यांदा गेलेल्या माणसाने कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, हे आमच्या वाडीत सगळ्यांना पाठ होतं. दिव्याचं म्हणून बटण दाबलं तर पंखा फिरायचा आणि पंख्याचं म्हणून दाबलं तर दारावरची घंटा वाजायची. मग काकू आतून "कोण आलंय बघा हो" म्हणायच्या, आणि बाहेर कोणी नसायचं. घराचं वायरिंग काकांनी स्वतः केलं होतं. दिवा लागतो, पंखा फिरतो, घंटा वाजते, मग तक्रार कसली, असं त्यांचं म्हणणं होतं.

"घरच्या घरी होतं हे." हे काकांचं वाक्य. छत्रीची काडी मोडो, कुकरची शिट्टी बसो, चष्म्याची दांडी तुटो, काका हे वाक्य म्हणायचे आणि कपाटावरची पत्र्याची पेटी खाली घ्यायचे. त्यांच्या स्वतःच्या चष्म्याला एका बाजूला तांब्याची तार होती. केसही ते दोन आरशांच्या मध्ये उभे राहून आपले आपण कापत. पुढून ते ठीक दिसत. मागून बघणाऱ्याला मात्र उंदराने कुरतडल्याचा भास होई. आमचा गीझर त्यांनी दुरुस्त केला तेव्हा पुढे कितीतरी दिवस गरम पाणी थंडच्या नळाला यायचं. आम्ही निमूटपणे तोच नळ सोडायला शिकलो, कारण काकांना नाही म्हणणं वाडीत कोणालाच जमत नसे.

मी त्यांच्या शेजारच्या बिऱ्हाडातली, लग्न होऊन ठाकूरद्वारच्या त्या वाडीत आलेली. पहिल्या वर्षी मला वाटायचं, हा माणूस चिकट आहे. सगळी वाडी तेच म्हणायची. विम्याच्या कचेरीत काकांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठोकलेल्या गाड्यांचे दावे तपासले होते. गॅरेजवाल्यांनी न बदललेले दिवे बदलले म्हणून दाखवलेले पाहून पाहून कारागीर या शब्दावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. पण चिकट ते नव्हते. वाडीतल्या कोणाच्या घरी आजारपण निघालं तर टॅक्सी करून सगळ्यात आधी हॉस्पिटलात पोहोचणारे तेच असत.

मंडळाशी मात्र त्यांचं बोलणं बंद होतं. वाडीच्या गणपतीचं मखर वर्षानुवर्षं काकांच्या हातचं असायचं. लाकडी चौकटीवर रंगीत जिलेटिन कागद ते असा ताणून बसवायचे की सुरकुती शोधायला गेलेला माणूस हात हलवत परत यायचा. मग एका वर्षी मंडळाने सजावटीचं काम कंत्राटदाराला दिलं. त्या दिवसापासून काकांनी मंडपात पाऊल ठेवलं नाही. गणपतीचं दर्शनसुद्धा ते गॅलरीतून घ्यायचे, तेही जरा तिरपे उभे राहून, म्हणजे मखर दिसू नये.

आता काकूंबद्दल सांगायला हवं, कारण ही सगळी हकिगत त्यांच्यापायी घडली. काकूंना त्वचेचा एक आजार होता. ऊन अंगावर आलं की चट्टे उठायचे, ताप भरायचा, सांधे धरायचे. छत्री, लांब बाह्या, हातमोजे सगळं करून झालं. डॉक्टरांनी सांगितलं की खिडकीच्या साध्या काचेतूनही उन्हातला नको तो भाग आत येतो. तेव्हापासून घराच्या खिडक्यांना जाड पडदे लागले आणि काकूंचा दिवस अंधारात जाऊ लागला. त्या घराबाहेर पडायच्या ते दिवेलागणीनंतर. देऊळ, भाजी, नातेवाईक, सगळं संध्याकाळी. मुळात ही बाई इतकी हौशी की तिला रंगांची नावं विचारत बसावं. आम्ही ज्याला नुसता हिरवा म्हणायचो त्यात त्यांना पोपटी, शेवाळी, मेंदी आणि कच्च्या कैरीचा असे चार दिसायचे. आणि तीच बाई साड्या घ्यायची ट्यूबलाइटच्या उजेडात. एकदा हिंदमात्याहून त्यांनी मोठ्या हौसेने डाळिंबी साडी आणली. पडदा जरा सरकवून पाहिली तर विटकरी. काकूंनी ती घडी परत घातली आणि म्हणाल्या, "असू दे. नेसेन रात्रीची."

काकांनी निवृत्तीनंतर एक जुनी, आकाशी रंगाची छोटी गाडी घेतली ती याच्यासाठी. वाडी हसली. वाडीच्या तोंडातून आत शिरताना त्या गाडीचे दोन्ही आरसे मिटावे लागत. पण काकांचा बेत पक्का होता: गाडीच्या काचांना ऊन अडवणारी फिल्म लावायची आणि काकूंना दिवसा बाहेर काढायचं.

फिल्मसाठी ते गाडी घेऊन ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात गेले. मी त्याच वाटेने निघाले होते म्हणून बरोबर होते. दुकानदार तरुण, हसतमुख माणूस. त्याने काळ्या फिल्मची गुंडाळी पुढे केली.

"आंटी को धूप लगता है ना? ये लगाओ अंकल. अंदर एकदम रात हो जाएगी."

"रात हमारे घर में बहोत है," काका म्हणाले. "उसको दिन मंगता."

दुकानदाराने काळी गुंडाळी बाजूला ठेवली. मग त्याने आतून दुसरी गुंडाळी आणली. ही आरपार होती, पाण्यासारखी. दिसायला काही नाही, पण उन्हातला तो वाईट भाग अडवते, असं त्याने सांगितलं. नोटा तपासायची जांभळी बत्ती घेऊन त्याने आमच्यासमोर एका पांढऱ्या रुमालावर मारली. साबणाने धुतलेला तो रुमाल निळा चमकला. मध्ये फिल्म धरली, चमक गेली. काकांचे डोळे तेवढा वेळ रुमालापेक्षा जास्त चमकत होते.

"सब काच को लगेगा?"

"चारों दरवाजे, पीछे का बड़ा. आगे का बड़ा काच दो परत का होता है, उसको जरूरत नहीं."

"और ये?" काकांनी पुढच्या दारातल्या आरशाजवळच्या त्रिकोणी काचेवर बोट ठेवलं. तळहाताएवढी असेल.

"वो छोटा? उसमें कोई नहीं लगाता, अंकल. कोना उठ जाता है, फिर कस्टमर झगड़ा करता है."

काका गाडीत डाव्या बाजूला, काकूंच्या जागी जाऊन बसले. दुपारची वेळ होती. त्या त्रिकोणातून उन्हाचा एक तुकडा बरोबर त्यांच्या मनगटावर पडला होता. ते तो तुकडा बघत बसले, मग उतरले आणि म्हणाले, "गुंडाळी द्या. लावायचं मी बघतो."

दुकानदाराने समजावून बघितलं. "हात का काम है, अंकल. बबल आएगा. वापस इधरच आओगे."

"घर के घर में होता है ये."

खरं सांगायचं तर मी मनातून दुकानदाराच्या बाजूने होते. मला आमचा गीझर आठवत होता.

पुढच्या रविवारी काकांनी वाडीच्या चौकात गाडी धुतली, पुसली आणि कामाला लागले. फिल्म आणि काच यांच्यामध्ये फेसाळ पाणी मारावं लागतं, म्हणजे ती सरकवून जागेवर बसवता येते आणि मग पाणी दाबून बाहेर काढायचं. सगळीकडे त्यासाठी शॅम्पू वापरतात. काकांनी रिठे उकळले. शॅम्पूत काय असतं कोण जाणे, रिठा आपण ओळखतो, असा त्यांचा विचार. वाडीच्या मागे टॉवरचं काम चालू होतं. तिथून सिमेंटची धूळ येत होती आणि कौलांवरच्या कबुतरांची पिसं झडत होती. दुपारपर्यंत हे सगळं फिल्मच्या आत जाऊन बसलं. रिठ्याने काचेवर पिवळट झाक आणली ती वेगळीच. फुगे तर इतके, की पहिल्या मजल्यावरून कोणीतरी विचारलं, "काका, काचेत साबुदाणा भिजत घातलाय का?"

वाडी पोट धरून हसली. मीही हसले. संध्याकाळी काकू खाली आल्या, गाडीत बसल्या, आणि त्या पिवळ्या, फुगलेल्या काचेतून बाहेर बघत म्हणाल्या, "छान झालंय की."

काकांनी खिशातून जांभळी बत्ती काढली, दुकानदाराकडून तीही विकत आणली होती, आणि काकूंच्या मांडीवर पांढरा रुमाल ठेवून बाहेरून काचेवर मारली. जिथे फुगा होता, जिथे कचरा होता, तिथेसुद्धा रुमाल चमकला नाही. "फिल्म खरी आहे," ते म्हणाले. "हात खोटा पडला." आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून सगळं खरवडून काढत बसले.

त्याच श्रावणात त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. मुलगा दादरचा, चांगला होता, आणि मुहूर्त मार्गशीर्षातला होता. बस्ता मात्र पितृपक्ष लागायच्या आत बांधायला हवा होता. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी, आणि ती हिंदमात्यालाच व्हायची हे ठरलेलं. काकू एकदा माझ्याकडे डाळ निवडत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "पोरीचा शालू मला दिवसाउजेडी बघून घ्यायचा होता गं. तिच्या अंगावर विटकरी निघाला तर?" मग स्वतःच म्हणाल्या, "जाऊ दे. तूच जा तिच्याबरोबर."

त्या हे बोलत होत्या तेव्हा काका दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. ते तसेच वळले आणि जिना उतरून खाली गेले.

खाली चौकात मंडपाचं काम पुरं होत आलं होतं. वर ताडपत्री, तिन्ही बाजूंनी कनाती, समोर जाड पडदा. मूर्ती यायला अजून आठवडा होता आणि आत नुसती रिकामी, सावलीची जागा होती. वारा नाही, कबुतर नाही. गेल्या कित्येक वर्षांत पहिल्यांदा काका त्या पडद्याच्या आत गेले. मंडळाचा अध्यक्ष आत खुर्चीवर चढून ट्यूब लावत होता. तिशीतला माणूस, बँकेत नोकरीला, आणि लहानपणी काकांच्याच हाताखाली जिलेटिन चिकटवायला शिकलेला. तो घाईघाईने खाली उतरला.

"काका? तुम्ही इथे?"

"मला मंडप पाहिजे. चार दिवस. गाडी आत घ्यायचीय."

"काका, बाप्पा बसायचाय इथे. गाडी कशी आत घेणार?"

"बाप्पा यायच्या आत काढतो. धूळ नको मला. बाकी सगळी मुंबई धुळीत आहे, एवढीच जागा राहिलीय." मग जरा थांबून म्हणाले, "तिला शालू बघायला न्यायचंय. दिवसा."

मी गॅलरीत येऊन पडद्याच्या फटीतून हे सगळं बघत होते. काकांना मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा लागला होता आणि अख्ख्या वाडीला ऐकू गेला.

अध्यक्षाने हात पुसले. "एका अटीवर. यंदाचं मखर तुम्ही करायचं."

"कंत्राटदार?"

"त्याने गेल्या वर्षी मखर स्टेपलरने ठोकलं, काका. मला झोप लागली नव्हती."

आणि मग वाडीने जे बघितलं ते अजून कोणी विसरलेलं नाही. गाडी मंडपात गेली. जमिनीवर पाण्याचा सडा पडला. प्रत्येक घरातून एकेक जुनं पातळ आलं, ते भिजवून कनातींच्या आतून टांगलं, म्हणजे उरलीसुरली धूळ त्याला चिकटेल. हे काकांचंच डोकं. आणि मग काका स्वतः अंघोळ करून आले ते मुकटा नेसून. पूजेला नेसायचा रेशमी मुकटा, उघडं अंग, ओले केस.

"काका, हे काय?" मी विचारलं.

"सुती बनियनचं सूत उडतं. त्याची लव आत जाते. रेशमाला लव नसते." मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तुला आत यायचंय ना ड्रायर धरायला? मग तूही रेशमी नेसून ये. आणि शिवू नको कुणाला येताना."

फिल्म काचेच्या बाकाप्रमाणे बसवायला गरम हवा लागते, त्यासाठी माझा हेअर ड्रायर घेतला होता आणि माणूस म्हणून मलाही. मी कचेरीतून रजा काढली, लग्नातली पैठणी नेसले, आणि ऐन दुपारी एका जुन्या गाडीवर ड्रायर धरून उभी राहिले. पडद्याच्या फटीतून कोणी डोकावलं की काका ओरडायचे, "सोवळ्यात आहे!" शेजारच्या वाडीतल्या एक म्हाताऱ्या बाई आल्या. त्यांनी मुकटा नेसलेले काका बघितले, पैठणीतली मी बघितली, हात जोडले आणि गाडीच्या टपावर जास्वंद ठेवून विचारलं, "यंदा बाप्पा गाडीतच बसवणार का गं?"

रिठे मात्र गेले होते. बाळाचा शॅम्पू आला होता, थेंबभर. काका हळूच फवारायचे, फिल्म सोडायचे, आणि मधून काठाकडे पाणी दाबत न्यायचे. जिलेटिनचा हात तो हाच. मी इतकी वर्षं ऐकत होते, आता समोर बघत होते. उघड्या जागी फुगे आणणारा हाच माणूस, आणि त्या बंद मंडपात त्याचा हात एकदाही अडखळला नाही. शेवटी त्यांनी तो त्रिकोण घेतला. वर्तमानपत्राचा कागद त्यावर दाबून आधी माप घेतलं, कात्रीने फिल्म कापली, आणि ती बोटांच्या टोकांनी धरून श्वास रोखून बसवली. तीन कोपरे. प्रत्येक कोपऱ्यावर नखाने दाबत राहिले. मीही श्वास सोडला नाही. मग त्यांनी काचा वरखाली करायची हँडलं काढून कनवटीला लावली, म्हणजे वाळेपर्यंत कोणी हौशी माणूस काच खाली करणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या काचा दुधाळ दिसत होत्या. वाडीने एकमेकांकडे बघितलं. "परत गेलं वाटतं," कोणीतरी म्हणालं. काकांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाऊसकाळ आहे, पाणी हळू सुकणार, एवढंच बोलले, आणि मंडपाच्या एका कोपऱ्यात मखराच्या चौकटीवर जिलेटिन ताणायला बसले. पण त्या दिवसांत ते जेवायला वर गेले की घास तोंडात घेऊन थांबायचे, असं काकूंनी मला सांगितलं. मूर्तीचं आगमन रविवारी होतं. गुरुवारपर्यंत काचा तशाच.

शुक्रवारी सकाळी अध्यक्षाच्या हाका ऐकू आल्या. आम्ही सगळे खाली धावलो. पडदा बाजूला केलेला होता आणि गाडीच्या काचा होत्या की नव्हत्या ते कळत नव्हतं. एक फुगा नाही, एक केस नाही. आता वाडीचा वेगळाच हिरमोड झाला. "फिल्म कुठाय?" जो तो विचारत होता. "काहीच दिसत नाही."

"दिसली असती तर चुकलं असतं," काका म्हणाले, आणि बत्ती काढली. काकूंनी रुमाल धरला. दार, मागची काच, दुसरं दार. कुठे चमक नाही. मग त्रिकोण. काकांनी बत्ती त्याच्या अगदी टोकाला टेकवली, कोपऱ्यात, जिथे दुकानदाराच्या मते ती टिकत नाही. रुमाल आपला पांढराच राहिला. वाडीने टाळ्या वाजवल्या. अध्यक्षाने मंडपातला ढोल बडवला. मीही पैठणीची घडी न मोडता नाचले असते, पण ती धुवायला गेली होती.

शनिवारी दुपारी आम्ही निघालो. काका, पुढे त्यांच्या शेजारी काकू, मागे मुलगी आणि मी. जाताना काकांनी गाडी मुद्दाम त्या दुकानावरून घेतली. दुकानदार बाहेर आला, काकांच्या उघड्या दारातून आत वाकला, आणि हात लांबवून काकूंपुढच्या त्रिकोणावरून अंगठ्याचं नख फिरवलं. कड सापडेना. दुसऱ्यांदा फिरवलं.

"किधर किया, अंकल?"

"घर के घर में."

त्याने हसून हात पुढे केला आणि काकांनी तो बराच वेळ हातात धरला. मग तिथूनच तो काकूंना म्हणाला, "आंटी, अभी कोना नहीं उठेगा. मेरे से अच्छा बैठा है." काकांच्या तोंडून एका कारागिराला धन्यवाद मिळालेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले.

हिंदमात्याला पाऊस नुकताच थांबून लख्ख ऊन पडलं होतं. गाडी कडेला लागली. मुलगी आणि मी दुकानात गेलो, शालू निवडून बाजूला काढले, आणि दुकानातला माणूस ते खांद्यावर टाकून आमच्यामागून बाहेर आला. असं गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. त्याने एकेक शालू उन्हात उलगडून काचेसमोर धरायला सुरुवात केली. एक हवालदार गाडी हलवा म्हणायला आले. काका खाली उतरले, दोन वाक्यांत सगळं सांगितलं. हवालदारांनी काचेकडे निरखून बघितलं, तिथे आक्षेप घ्यायला काही सापडेना, मग तेही शालू बघत उभे राहिले.

"हा नको," काकू आतून म्हणाल्या. "हा विटकरी आहे." दुकानातला माणूस म्हणाला, बाई, डाळिंबी म्हणून लागलाय हा. काकू म्हणाल्या, "दुकानात असेल. इथे विटकरी आहे. तो दुसरा धरा."

दुसरा धरला. काकू पुढे झुकल्या. मी गाडीच्या बाहेरून बघत होते. त्यांनी डाव्या हाताचा मोजा कधी काढून ठेवला ते कळलंच नाही. त्या त्रिकोणातून उन्हाचा तुकडा त्यांच्या उघड्या मनगटावर पडला होता आणि त्या हात मागे घेत नव्हत्या. काका शालूकडे बघतच नव्हते. ते त्या मनगटाकडे बघत होते.

"हा डाळिंबी," काकू म्हणाल्या. "बांधा."

रात्री ताप आला नाही. सकाळी चट्टा उठला नाही. रविवारी ढोल वाजत मूर्ती वाडीत आली, काकांच्या मखरात बसली, आणि काका पहिल्या रांगेत समोर उभे राहिले. मी वर गेले तेव्हा काकूंनी शालू पलंगावर उलगडला होता आणि जाड पडदा थोडा बाजूला सारून लांबूनच बघत होत्या. डाळिंबीच होता. पलीकडे पत्र्याची पेटी उघडी पडली होती, आणि गुंडाळीतली उरलेली फिल्म घराच्या खिडकीच्या मापाने कापून ठेवलेली होती.